घोडी जोर करते तेव्हा

रेसकोर्सवरून निवृत्त झालेली थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठीच पैदास केलेल्या जातीची, घोडी तबेल्याच्या रिंगणात पाहिली की कोणालाही ती शहाणी वाटते. चाल म्हटले की चालते, इशारा दिला की दुडकी धरते, स्वाराने श्वास सोडून बैठक जड केली की थांबते. तीच घोडी फाटकाबाहेर मोकळ्या माळावर नेली की थोड्याच अंतरावर तिची मान ताठ होते, कान समोर रोखले जातात, खोगिराखालची पाठ कडक लागू लागते आणि लगामावर एवढे वजन येते की स्वाराचे हात खांद्यापासून पुढे ओढले जातात. पुण्याच्या आसपास, सासवड, मुळशी, वाघोली अशा बाजूंना घोडेस्वारीचे छोटे तबेले आहेत आणि पुण्या-मुंबईच्या शर्यतींमधून बाहेर पडलेले घोडे त्यांत हमखास दिसतात. त्यामुळे 'आत शहाणी, बाहेर अनावर' ही तक्रार आमच्या ओळखीच्या स्वारांत सतत कानावर पडते. मी जिच्यावर बसते ती चांदणीही त्यातलीच. रंगाने कुमाईत, म्हणजे तांबूस-तपकिरी अंग आणि काळी आयाळ, कपाळावर पांढरा ठिपका, स्वभावाने अतिशय प्रेमळ, आणि माळ दिसला की सगळे अंग पुढे लोटणारी.

माझे म्हणणे आरंभीच मांडते. जोर करणाऱ्या घोड्याला लोक चटकन मुजोर ठरवतात आणि मग अधिक ताकद, अधिक कडक लगाम, अधिक दमवणूक असे उपाय शोधू लागतात. शर्यतीच्या घोडीच्या बाबतीत तरी हे निदान चुकते, कारण ती जे करते ते तिला वयाच्या दुसऱ्या वर्षाच्या सुमारापासून रोज पहाटे मेहनतीने शिकवलेले असते. सरावात जॉकी लगामाच्या दोन्ही वाद्या मानेवर एकमेकींवर चढवून घट्ट धरतो, आखूड रिकिबींवर उभा राहून तोल पुढे घेतो, आणि घोडी त्या घट्ट लगामावर आपला भार टेकवून धावते. लगाम ताणला गेला की पाय उचलायचे, हे तिच्या अंगात मुरलेले असते. भोवती पहाटेची थंड हवा, पायांखाली गवत, समोर लांबच लांब मोकळी पट्टी आणि शेजारी दुसरा घोडा, हेही त्या शिकवणीचेच भाग असतात. आता सासवडकडचा माळ डोळ्यांपुढे आणावा. तीच पहाट, तेच गवत, तीच मोकळी जागा, बरोबर दुसरा घोडा, आणि पाठीवर लगाम घट्ट आवळून बसलेला, मनातून धास्तावलेला स्वार. घोडीच्या दृष्टीने सगळ्या खुणा जुळलेल्या असतात. ती आज्ञा मोडत नाही, उलट फार इमानाने पाळत असते.

आमच्या तबेल्यात एक वयस्कर मोतद्दार आहेत. त्यांचा जन्म रेसच्या घोड्यांची दावण सांभाळण्यात गेला आणि त्यांना सगळे चाचाच म्हणतात. एकदा एक नवा, तरुण स्वार चांदणीला फाटकाबाहेर नेऊन परत आणत होता. ती तिरकी तिरकी चालत होती, छातीवर फेस उडाला होता, आणि त्याच्या मुठी आवळून पांढऱ्या पडल्या होत्या. चाचा खरारा हातात तसाच धरून पुढे आले आणि म्हणाले, "दादा, लगाम जरा सैल करा."

"सैल केला तर पळेल ना, चाचा."

"धरलाय म्हणून पळतीये ती. तिला वाटतंय जॉकी बसलाय, आता गेट उघडणार. एकदा धरा, लगेच सोडा. परत धरा, परत सोडा. तिला टेकायला जागाच देऊ नका."

त्या तरुणाने बोटे उघडली. घोडीने मान खाली झटकली, आधार मिळतो का म्हणून पुन्हा पुढे रेटून पाहिले, आणि तो मिळेना तेव्हा तिची पावले हळूहळू लांब झाली. दहा-बारा पावलांनी तिचा एक कान मागे वळला. घोड्याचा मागे वळलेला कान म्हणजे त्याचे अर्धे लक्ष पुन्हा स्वाराकडे आले असे समजायला हरकत नाही. चाचांनी जे सांगितले त्यामागचे गणित सरळ आहे. थरोब्रेडचे वजन साधारण ४५० ते ५०० किलो असते, माणसाचे साठ-सत्तर. ओढाओढीचा सामना झाला तर त्याचा निकाल ठरलेला आहे. परंतु ओढायला दोन बाजू लागतात, आणि स्वाराने आपली बाजू सोडली की घोडीला रेटायला काही उरत नाही. म्हणून खेचून धरण्यापेक्षा क्षणभर मूठ बंद करणे आणि घोडीने तसूभर जरी उत्तर दिले तरी तत्काळ ती उघडणे, यातच सगळे कौशल्य आहे. घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटण्याच्या क्षणाने शिकतो, आणि तो क्षण एका पावलाने जरी उशिरा आला तरी त्याला काय बरोबर केले ते कळत नाही.

हे माळावर शिकवता येत नाही. तिथे फक्त आधी शिकवलेले वापरता येते. म्हणून आम्ही चांदणीला थांबायला नव्याने शिकवले ते रिंगणात, तेही चालीवर. आधी श्वास सोडायचा, मग बैठक जड करायची, मग आवाज द्यायचा, आणि एवढ्यावर ती थांबली नाही तरच बोटे बंद करायची. हा क्रम रोज तसाच ठेवला की काही काळाने लगामाची पाळी येण्याआधीच घोडी थांबू लागते, आणि ज्या स्वाराला माळावर हा 'आधीचा' इशारा हाताशी असतो त्याचे अर्धे संकट टळलेले असते. त्यानंतर दोन-तीन पावले मागे सरकवणे, एका बाजूला मान वळवून मागचे पाय बाजूला टाकायला लावणे, खांदा किंचित आत घेऊन तिरके चालवणे, हे सगळे येते. वाकलेल्या अंगाने घोड्याला मागच्या पायांचा पूर्ण रेटा लावता येत नाही, तो सरळ अंगानेच लागतो. हीच कसरत मग फाटकापाशी, मग फाटकाबाहेर, मग बांधावर. प्रत्येक पायरीवर कंटाळा येईपर्यंत थांबावे, असे माझे मत आहे. इथे घाई केलेली पुढे माळावर भरून काढता येत नाही.

पुष्कळ जण उलटा मार्ग सुचवतात. बाहेर नेण्याआधी तिला अर्धा तास भरपूर पळवा, मस्ती जिरेल, असे सांगणारे मला जागोजागी भेटले आहेत. घोड्याचे शरीर हा हिशेब खोटा पाडते. विश्रांतीत मिनिटाला २८ ते ४० ठोके देणारे त्याचे हृदय जोरात धावताना २०० च्याही वर जाते, आणि त्याच्या प्लीहेत साठवलेल्या तांबड्या रक्तपेशी उत्तेजित होताच रक्तात उतरतात. म्हणजे ज्याला आपण दमवायला निघालो तोच पहिल्या काही मिनिटांत अधिक सज्ज होतो. शिवाय रोज दमवलेला घोडा महिन्याभरात अधिक दमदार होतो, म्हणजे पुढच्या महिन्यात एक तास पळवावे लागणार. ग्रीक सेनानी झेनोफन याने सुमारे २४०० वर्षांपूर्वी घोड्यांविषयी लिहिताना तेजस्वी घोड्याला भरधाव सोडून शांत करण्याच्या कल्पनेविरुद्ध बजावून ठेवले होते, आणि त्याची कारणमीमांसा आजही पटते. असा घोडा वेगाच्या भरात ताकदीनेच वरचढ व्हायला पाहतो.

शिकवणीआधी आणखी एक गोष्ट पाहायला हवी, ती म्हणजे वेदना. दुखणाऱ्या ठिकाणापासून घोडा पुढे पळू पाहतो, आणि ते ठिकाण बऱ्याचदा आपणच त्याच्यावर लादलेले असते. घोड्याचे दात आयुष्यभर हिरडीतून वर येत राहतात आणि चघळण्याने झिजतात. झीज सारखी झाली नाही की दाढांना धारदार कडा येतात आणि त्या गालाला, जिभेला कापतात. त्यावर बिट, म्हणजे लगामाचा तोंडात बसणारा लोखंडी भाग, चढवले की तोंड वर करून पळण्याखेरीज त्याला दुसरे काही सुचत नाही. वर्षातून एकदा तरी पशुवैद्याकडून दात तपासून कानशीने घासून घ्यावेत. वाढाळ्यावर (मानेच्या बुडाशी पाठीवर असलेल्या उंचवट्यावर) टेकणारे खोगीर, तंगाखाली (खोगिराच्या पोटपट्ट्याखाली) सोललेली कातडी, पाठीचे स्नायू, हे मोतद्दाराच्या हाताला रोज कळते, फक्त त्याला विचारले पाहिजे. आणि शर्यतीच्या घोड्यांत जठराचे व्रण फार आढळतात. घोड्याच्या पोटात आम्ल अखंड सुटत असते, तो चरत नसला तरीही. तासन् तास रिकाम्या पोटी उभ्या असलेल्या घोडीला टाच लागली की ती कळवळून पुढे उसळते आणि आपण म्हणतो, आज फार जोरात आहे.

सासवडच्या माळावर दिवाळीनंतर धनगरांचे वाडे, म्हणजे त्यांचे फिरते तळ, दिसू लागतात. मेंढ्यांच्या कळपामागे एक-दोन तट्टे चालत असतात, भीमा खोऱ्यातल्या भीमथडी जातीची, बुटकी, काटक, आणि त्यांच्या पाठीवर सगळे बिऱ्हाड असते. भांडी, घोंगड्या, जाळी, वर पाय बांधलेल्या कोंबड्या आणि कधी एखादे चालू न शकणारे कोकरू. चांदणीने हा तांडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती जागच्या जागी खिळली आणि नाकपुड्या फुलवून फुरफुरली. आम्ही तिला कळपाकडे तोंड करून उभी राहू दिली, कारण घोड्याला डोळ्यांसमोरची वस्तू नीट पाहायला मान वर-खाली करावी लागते आणि ती संधी नाकारली की भीती वाढते. ते तट्टू मात्र गळ्यातला दोर पाठीवर टाकलेल्या स्थितीत, कोणी धरलेले नसताना, आमच्या शेजारून निघून गेले. पाठीवरचे पातेले हिंदकळत होते, कुत्री पायांत येत होती, आणि त्याने एकदाही पाऊल चुकवले नाही.

त्या तट्टाला कोणी वेगळे शांत केलेले नसते. त्याचा दिवसच तसा असतो. ते मैलोन् मैल चालते, वाटेत चरते, रात्री आपल्या सोबत्यांजवळ उभे राहते, आणि ज्वारीचे मूठभर दाणे मिळाले तर मिळाले. याउलट रेसची घोडी दिवसाचे बावीस-तेवीस तास एका खोलीत उभी असते आणि तिला ओट, जव, हरभरा अशी जड चंदी मिळते, कारण तिच्याकडून काही मिनिटांच्या अफाट मेहनतीची अपेक्षा असते. तबेला बदलला, काम हलके झाले, तरी सवयीने चंदी तशीच चालू राहते आणि ती सगळी ताकद रविवारी सकाळी आपल्या हातांवर येते. चांदणीच्या बाबतीत जो फरक पडला त्यातला मोठा वाटा माझ्या मते तोबऱ्याचा आहे. चंदी कमी केली, हरभरा जवळजवळ बंद केला, लसूणघास आणि सुके गवत वाढवले, सुट्टीच्या दिवशी चंदी आणखी घटवली, आणि रोज काही तास तिला दुसऱ्या एका म्हाताऱ्या घोड्याबरोबर कुंपणाच्या वाडग्यात मोकळे सोडले. शहराच्या कडेला जागा महाग आहे हे खरे, तरीही चाळीस-पन्नास फुटांचा वाडगासुद्धा बंद खोलीपेक्षा शंभर पटींनी चांगला. घोडा पाळायचा असेल तर ही जागा खोगिराच्या आधी विकत घ्यावी.

मग बाहेरचा रस्ता. पावसाळा संपताना माळ हिरवागार आणि मोहक दिसतो, परंतु त्याच गवताखाली घुशींची बिळे, चर आणि कधी कधी कठडा नसलेली जुनी विहीर असते, तेव्हा पायी फिरून न पाहिलेल्या जागी घोडी कधीही पळवू नये. ऊसतोडीच्या दिवसांत मोठ्याने गाणी लावलेली ट्रॅक्टर-ट्रॉली कोणत्याही वळणावर समोर येते. अशा वेळी शेताच्या बांधाकडे वळून, घोडीचे तोंड आवाजाकडे करून थांबलेले बरे. पाठ दाखवली की ती पळायचे कारण शोधते. पहिली वीस मिनिटे फक्त चाल, आणि तीही नागमोडी, एका बाभळीला डावीकडून, पुढच्या बाभळीला उजवीकडून. कँटर, म्हणजे दुडकीहून वेगवान पण भरधाव नसलेली दौड, करायचाच तर चढावर, तबेल्यापासून दूर जाताना, आणि एकाच ठिकाणी लागोपाठ कधीच नाही. ज्या टेकाडापाशी दोनदा घोडी सोडली ते टेकाड तिसऱ्यांदा दिसले की ती स्वाराला न विचारता निघते, यात तिचा काय दोष? आम्ही त्याच टेकाडापाशी मुद्दाम थांबून तिला पुष्कळदा चरू दिले आहे.

सोबतीचा घोडा निवडताना मी फार चिकित्सा करते. मागून टापा जवळ येऊ लागल्या की शर्यतीच्या घोडीला दुसरे काही ऐकू येत नाही. म्हणून पुढे एखादा जाणता, मंद घोडा ठेवावा, दोघांत दोन-तीन घोड्यांचे अंतर राखावे आणि वेगात असताना कोणीही कोणाला ओलांडू नये. दुडकीपर्यंत क्रम बदलत राहावा, म्हणजे पुढे असणे किंवा मागे पडणे यात तिला काही विशेष वाटेनासे होते. मित्राला मजा म्हणून शेजारी घोडा दौडवायचा असेल, तर त्याने त्या दिवशी दुसऱ्या वाटेने जावे.

आता कडक लगामाविषयी, कारण शेवटी प्रत्येक चर्चा तिथेच येते. सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरतो, आणि तिथे मारवाडी, काठेवाडी घोड्यांची रवाल, म्हणजे झपझप पण स्वाराला न हादरवणारी, चाल पाहताना मन हरखून जाते हे मी नाकारत नाही. परंतु गर्दीतल्या अरुंद पट्टीत, मागे रेलून लगामावर लोंबकळणाऱ्या स्वाराखाली जो घोडा तोंड आभाळाकडे करून फेसाळत नाचतो, त्याच्या तोंडात काय आहे तेही पाहावे. भार ओढणाऱ्या व वाहणाऱ्या जनावरांच्या छळाविरुद्धचे १९६५ चे केंद्रीय नियम काटेरी बिट वापरायला स्पष्ट मनाई करतात, आणि तरीही काटेरी लगाम विकला जातो, विकत घेतला जातो. त्या लगामाने घोडा थांबतो ते दुखते म्हणून. पुढे हिरडी आणि जीभ बधिर झाली की त्याहून तीक्ष्ण काही शोधावे लागते. योग्य वेळी, सुज्ञ हातात, थोडे अधिक कडक परंतु गुळगुळीत बिट काही काळ उपयोगी पडते हे मान्य आहे. चांदणीवर आम्ही जाड, मधोमध सांधा असलेले साधे बिट ठेवले आणि तिच्या मानेत एक जुना चामडी पट्टा बांधला. तोल गेला तर स्वार त्या पट्ट्याला धरतो, तिच्या तोंडाला लटकत नाही.

इतके करूनही एखाद्या दिवशी ती निघतेच. त्या क्षणी दोन्ही हातांनी मागे रेलून ओढणे हे सर्वांत सहज सुचते आणि सर्वांत निरुपयोगी ठरते. एका हाताने आखूड धरलेली वादी आयाळीत मानेवर घट्ट रोवावी, दुसऱ्या हाताने दुसरी वादी वर आणि मागे अशी एकदा जोरात घ्यावी आणि लगेच सोडावी, पुन्हा घ्यावी, पुन्हा सोडावी, आणि हे तिच्या झेपेच्या तालावर चालू ठेवावे. जागा मोकळी आणि ओळखीची असेल तर मोठे वर्तुळ घेऊन ते हळूहळू लहान करत आणावे. भरधाव घोडीचे तोंड एकदम आपल्या गुडघ्यापाशी खेचू नये. चालीवर शिकवलेली ती कसरत त्या वेगात तिला पाडते, आणि तिच्याखाली स्वार सापडतो. हेल्मेट, टाचेचे बूट, अंगावरच्या खिशात फोन, हे सांगावे लागू नये.

जोर करणारी घोडी आणि उधळणारी घोडी यांत मात्र भेद केला पाहिजे, आणि या बाबतीत मी कोणाच्याही भिडेला पडत नाही. जोर करणारी घोडी ऐकत असते. तिचा कान अधूनमधून मागे येतो, ती खड्डा चुकवते, वळते. उधळलेली घोडी भिंतीवर, तारेच्या कुंपणावर, रस्त्यावरच्या ट्रकवर जाते, कारण त्या घटकेला तिला काही दिसत नसते. असे एकाहून अधिक वेळा झालेल्या घोड्याला, दात, पाठ, पोट, डोळे सगळे तपासूनही कारण सापडत नसेल, तर बाहेर नेणे थांबवावे. त्याला वाडग्यात सुखाने राहू द्यावे. आणि विकताना ही गोष्ट लपवणारा माणूस दुसऱ्याच्या मुलाचा जीव धोक्यात घालतो, असे मी स्पष्टपणे म्हणते.

चांदणीच्या बाबतीत आता उरला आहे तो परतीचा रस्ता. तबेल्याचे पत्रे दिसले की तिची पावले अजूनही आखूड आणि घाईची होतात. शेवटच्या किलोमीटरला आम्ही कधीही दुडकी धरत नाही. ती घाई करू लागली की वळून पुन्हा थोडे उलट जायचे, शांत झाली की घराकडे तोंड करायचे, मग त्यात अर्धा तास गेला तरी चालेल. फाटकाच्या अलीकडे मी उतरते, तंग दोन भोके सैल करते आणि तिच्या शेजारून चालते. आत गेल्यावरही तिला लगेच खोलीत नेत नाही. रिंगणात पाच-सात मिनिटे सावकाश फिरवून मग चाचा तिच्या पाठीवरून ओला कपडा फिरवतात, पाणी दाखवतात, पुढ्यात गवत टाकतात. चंदीचा तोबरा तासाभराने मिळतो. तोवर ती मान वळवून चाचांच्या खिशाकडे पाहत राहते, आणि चाचा ठरवून तिच्याकडे लक्ष देत नाहीत.